सलीमच्या नावावर वाचलेला कागद

माझ्या धाकट्या भावाला, सलीमला, आमच्या साइट मॅनेजरने फसवलं. सलीम मेल्यानंतर फसवलं.

रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात तो परांचीवरून पडला. तिसऱ्या दिवशी मॅनेजरने आम्हा चौदा कामगारांना उन्हात उभं केलं आणि एक इंग्रजी कागद भराभर वाचला. आमच्यात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मॅनेजर पुण्याचा. मधेच बायकोचा फोन आला, तर तिच्याशी मराठीत बोलला.

मी विचारलं, "साहेब, काय लिहिलंय?"

"पढ़के सुनाया ना? बहरा है क्या? यल्ला, जल्दी साइन कर."

पहिली सही मीच केली. टोमॅटोचासुद्धा भाव पाडणारा मी. वाटलं, मय्यत गावी न्यायचा कागद असेल.

आज शारजात माझं टाइल्सचं दुकान आहे. मागच्या महिन्यात मुलगी इतिहास वाचत होती. पाचशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेला एक स्पॅनिश गव्हर्नर. स्वतःच्या जावयाचंही मुंडकं उडवलेला. त्याची माणसं तिथल्या लोकांना स्पॅनिशमध्ये फर्मान वाचून दाखवायची. आमच्या राजाला माना, नाहीतर मराल आणि दोष तुमचाच. मग गावं जाळायची.

"अब्बा, दे डिडन्ट ईव्हन नो स्पॅनिश!"

"त्याला शिक्षा काय झाली?"

"नथिंग. ही डाइड ओल्ड. स्टिल गव्हर्नर."

मी उठलो. कपाटातून सलीमच्या कागदाची कॉपी काढली. इतकी वर्षं कुणाला दाखवली नव्हती. इंग्रजी येत नाही हे सांगायची लाज वाटायची.

मुलीने वाचलं. मग अडखळत मराठीत म्हणाली, "चाचाला सेफ्टी बेल्ट दिला होता. त्याने स्वतः काढला. असं लिहिलंय. अब्बा, विटनेस म्हणून तुमचं नाव आहे."

सलीमला मी उचललं होतं. अंगावर बेल्ट नव्हता. अख्ख्या परांचीवर एक बेल्ट नव्हता.

मॅनेजर आता दुबईत मोठ्या हुद्द्यावर. मी फोन करून त्या कागदाचं विचारलं. "जुनी गोष्ट आहे रे. काय हवं ते बोल, देतो." या वेळी मराठीत.

मी आयुष्यात पहिल्यांदा भाव केला नाही. फोन ठेवला.

सही करणाऱ्या बाकीच्या तेरा जणांपैकी नऊ जण शोधलेत. सही माझी आहे आणि तिच्या वर लिहिलेलं सगळं खोटं आहे, हे मीच कोर्टात सांगणार. मला काय व्हायचं ते होवो. पण साहेब, तुम्हीही उभे राहा. सलीमला बेल्ट कुणी दिला? कोणत्या दिवशी? कुणासमोर? नाव सांगा.