बिडीच्या लेबलावरची बाई

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुऱ्हाडीचा कोणता घाव कोणत्या गावात पडला, हे सांगायला मला जुने कागद काढावे लागतील. एक प्रकरण मात्र कागद न काढता सांगता येते. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. वरिष्ठांच्या लेखी तर ते अगदीच किरकोळ होते.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची दोन-तीन वर्षे. मी जळगावला फौजदार होतो. सकाळची हजेरी आणि रोजनामचा आटोपत होता, एवढ्यात गावातले एक बिडी कारखानदार शेठजी घाम पुसत ठाण्यात शिरले.

"फौजदारसाहेब, माझी बाई चोरली हो!"

शिपाई एकमेकांकडे पाहून हसू लागले. मी म्हणालो, "शेठजी, फिर्याद नीट सांगा, नाहीतर कलम बदलेल."

ही बाई त्यांच्या बिडीच्या कट्ट्यावरच्या, म्हणजे बंडलावरच्या, लेबलावरची होती. नदीकाठावर उभी, कमरेवर घागर, जरा मान वळवून पाहणारी. त्या काळी खेड्यात वाचता येणारे किती? गिऱ्हाईक दुकानात येऊन नावाने बिडी मागत नसे. "बाईवाली द्या" म्हणत असे. आता कोणीतरी तीच बाई लावून हलकी बिडी विकत होते आणि बट्टा शेठजींच्या नावाला लागत होता. हा गुन्हा अदखलपात्र, पोलिसांनी आपणहून हात घालण्यातला नव्हे. शेठजींनी कोर्टात अर्ज केला, मॅजिस्ट्रेटसाहेबांचा तपासाचा हुकूम आला, आणि मी कामाला लागलो.

खबर मिळायला फार फिरावे लागले नाही. आमचे हवालदार अमळनेरकडचे, बिडीचे जुने भक्त. ते स्टेशनासमोरच्या पानवाल्याकडे दोन दिवस नुसते बिड्या ओढत बसले. (त्याबद्दल त्यांनी प्रवासभत्ता मागितला नाही, हे उपकार.) तिसऱ्या दिवशी पानवाला आपणच म्हणाला, "हवालदार भाऊ, तुम्ही आठे काय धुंडतंस? ती दुसरी बाई दोंडाईचाथीन येस. सकायनी गाडीले."

दोंडाईचा पश्चिम खानदेशात, म्हणजे आमच्या हद्दीबाहेर. तिथल्या ठाण्याला कळवले, दोन पंच घेतले आणि एका व्यापाऱ्याच्या गोदामाची झडती घेतली. बिडीची पोती आणि लेबलांचे गठ्ठे सापडले. व्यापारी घाबरलेला दिसला नाही. "साहेब, चित्र मी रीतसर घेतलंय. धुळ्याच्या शिळाछापखान्यात एक माणूस आला, देऊन गेला. त्याचं नावगाव मला काय ठाऊक?"

व्यापाऱ्याला दरडावले की तो वकील शोधतो, आणि मान दिला की बोलत सुटतो, हा माझा अनुभव. मी चहा मागवला. त्याने मला तंबाखूचे भाव सांगितले, रेल्वेच्या तक्रारी सांगितल्या, जावयाचे प्रताप सांगितले. चित्र देणाऱ्याचे नाव मात्र गिळून बसला. याचा अर्थ तो माणूस सापडला की याचेच काहीतरी उघडे पडणार होते.

जळगावला परतल्यावर मी दोन्ही लेबले टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. बोटांचे ठसे पाहायचे भिंग घेतले. शेठजींच्या लेबलावर घागरीचा गळा कोरा होता. दोंडाईचाच्या लेबलावर तिथे बारीक ठिपके होते. मला ते छपाईचे डाग वाटले. हवालदारांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "सायेब, हाई तं भांडावरनं नाव शे."

खरेच होते. भांडी घेतल्यावर दुकानासमोरच छिन्नी-हातोडीने ठिपके ठोकून नाव घालून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. लग्नकार्यात तपेली, पराती, घागरी गावभर मागून आणतात. कार्य उरकले की ज्याचे नाव त्याच्या घरी भांडे परत जाते. मुलीच्या आंदणाच्या भांड्यांवर मुलीचे नाव असते. या घागरीवरही एका बाईचे नाव होते. ते मी इथे लिहीत नाही.

प्रत्येक नाव घालणाऱ्याचा हात वेगळा असतो. मी लेबल घेऊन भांडेबाजारात गेलो. तिसऱ्या दुकानाच्या मालकाने चष्मा वर करून एकदाच पाहिले आणि बोट खाली केले. "हा हात माझ्या पायरीवर बसतो, साहेब."

पायरीवर पन्नाशीचा एक माणूस पितळी तांब्या मांडीत धरून ठोकत बसला होता. डोक्याला विटके मुंडासे, बोटांना काळे डाग. मला पाहून त्याने हातातले नाव आधी पुरे केले, गिऱ्हाइकाला तांब्या दिला आणि मग उठला. बाजार त्याला नाना म्हणे. मीही तेच म्हणेन.

ठाण्यात त्याने काही लपवले नाही.

"हे चित्र कोणी काढलं?"

"मी काढं, सायेब."

"दोंडाईचाच्या बिडीसाठी?"

"नही. तो साबनसाठे बोलना. मी तेले सांगं व्हतं, बिडीवर लावू नको, बिडीले एक दिधेल शे."

व्यापाऱ्याने नाव का गिळले होते, ते आता कळले. साबणाचे सांगून त्याने बिडीला लावले होते.

"आणि शेठजींना जे दिलंस, ते विकलंस ना? पैसे घेतलेस."

"वापराले दिधं व्हतं. छापी झाया का परत करा, आसं बोलनू व्हतू. तेस्नी परत करं नही."

"मग लिहून का घेतलं नाहीस?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच खुळा. "भांडं देतांना कोन लिखी ल्हेस, सायेब? नाव टाकेल ऱ्हास ना तेन्हावर."

इथे त्याची सगळी चूक होती. जन्मभर त्याने भांड्यांवर नावे ठोकली आणि नाव असलेले भांडे घरी परतताना पाहिले. चित्राच्या घागरीवरही त्याने तसेच नाव घातले आणि निर्धास्त राहिला. छापखान्याने ते ठिपके डाग समजून पुसले. शेठजींच्या मनात पाप नव्हते. पैसे मोजले म्हणजे वस्तू आपली, एवढा साधा त्यांचा हिशेब. चित्र कोणत्या मालासाठी, किती दिवसांसाठी, मूळ चित्र कोणाकडे राहणार, यातले काहीच दोघांत ठरले नव्हते. लेबलांच्या धंद्यात नवा पडलेला माणूस असाच पाय घसरून पडतो.

"घागरीवरचं नाव कोणाचं?" मी विचारले.

तो म्हणाला, "घरवालीनं."

ती तापीकाठच्या त्याच्या गावी तापाने गेली होती. ते चित्र तिच्या शेवटल्या वर्षातले. "मी काढे, आनि ती उभी राही. आटप ना, हात दुखस मना, आसं म्हने." घरात फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता. तिचा चेहरा त्या एकाच कागदावर उरला होता. छापखान्याने दगडावर उतरवताना तिला गोरी केली, नाक सरळ केले, त्यामुळे लेबलावरची बाई तिची कोणी नव्हती. दोंडाईचाच्या व्यापाऱ्याने मागणी केली तेव्हा नानाने आठवून पुन्हा काढायला घेतले. सहा वेळा काढले. "घागर बरोबर उनी. लुगडं बरोबर उनं. तोंड उनं नही, सायेब. मन्हं चित्र माले भेटी का?"

त्याला शिक्षेची भीती नव्हती. आरोपी जामिनाचे विचारतात, वकिलाचे विचारतात. याने तेवढे एकच विचारले.

ताडून पाहण्यासाठी मूळ चित्र जप्त करणे भाग होते. मी शेठजींच्या पेढीवर गेलो आणि तिथे निराळेच संकट उभे राहिले. गादीच्या वर, काचेच्या चौकटीत ती बाई होती. गळ्यात हार, कपाळावर काचेवरून कुंकू, पुढे उदबत्ती. या चित्रानंतर धंदा वाढला म्हणून दरवर्षी लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होई.

"साहेब, चोपड्या न्या, तिजोरी न्या," शेठजी अक्षरशः हात जोडून म्हणाले. "घरातली लक्ष्मी पोलीस ठाण्यात नेऊ नका."

मी नेली. पंचनाम्यात लिहिले, 'स्त्रीचे रंगीत चित्र, चौकट व काचेसह, नग एक.'

घागरीवर ते नाव होते. नानाचा जबाब खरा ठरला. मुद्देमाल खोलीत चित्र ठेवण्याआधी मला काय वाटले कोण जाणे, मी त्याला बोलावून घेतले. ओसरीवर चित्र भिंतीला टेकवून ठेवले, कोरा कागद आणि पेन्सिल दिली. म्हटले, संध्याकाळपर्यंत वेळ आहे, समोर पाहून काढून घे, म्हणजे तुझ्याजवळ एक राहील. नियमात हे बसत नव्हते, पण हवालदारांनी तेवढ्यापुरते दुसरीकडे पाहिले.

पाच वाजता बाहेर येऊन पाहतो तो कागद कोरा. नाना मांडी घालून नुसता बसलेला.

"अरे, काढलं का नाहीस?" मी जरा चिडूनच विचारले.

"काढाले बसनू का रेघच दिसस, सायेब. ती नही दिस. आज तिले देखी ल्हेऊ दे."

मला वाटले, काय वेडा माणूस, हातची संधी घालवली.

खटला फार चालला नाही. दोंडाईचाच्या व्यापाऱ्याला दंड झाला, लेबले जाळली. नानाने फसवले नव्हते, तोच फसला होता, हे जबाबांवरून दिसल्याने तो सुटला. राहता राहिले मूळ चित्र. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला विचारले, याचा खरा हक्कदार कोण, अहवाल द्या.

त्या रात्रीपर्यंत कागद माझ्या टेबलावर पडून होता असे म्हणायला मला आवडले असते. तसे झाले नाही. मी तो दहा मिनिटांत लिहिला. 'चित्र फिर्यादीच्या ताब्यातून जप्त केले असून फिर्यादीस परत द्यावे.' जो मुद्देमाल ज्याच्याकडून आणला त्याला परत, ही आमची नेहमीची ओळ. नाना वापरायला दिले म्हणतो, त्याला साक्षीदार नाही, एवढेही मी त्यात घातले नाही. घातले असते तर कोर्टाने निदान त्याला विचारले असते.

चित्र परत करायला मी स्वतः गेलो. नाना ठाण्याच्या फाटकाशी उभाच होता. म्हणाला, मी उचलतो. भर बाजारातून त्याने ती चौकट दोन्ही हातांत छातीशी धरून नेली. पेढीच्या दारात शेठजींच्या घरच्या बायका आरती घेऊन उभ्या होत्या. लक्ष्मी घरी येत होती. शेठजींनी नारळ फोडला. ते मनाने वाईट नव्हते, नानालाही हाक मारली, "ये रे, प्रसाद घे."

नानाने प्रसाद घेतला नाही. चपला खाली काढून तो पायरीवर आला आणि म्हणाला, "शेठजी, काच पुसू का?"

धूळ बसलीच होती. शेठजी म्हणाले, पूस. त्याने मुंडाशाचे टोक काढले आणि पुसायला लागला. कपाळ, डोळे, गाल, हनुवटी. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी तो पुसत होता. आरतीचे तबक धरून बायका थांबल्या होत्या. मग त्याने चौकट शेठजींच्या हातात दिली, चपला घातल्या आणि भांडेबाजाराच्या दिशेने गेला.

पुढे चित्रे काढून धंद्यात उतरणारे कोणी भेटले की मी त्यांना बजावत आलो: चित्र देताना कागद करा, कोणत्या मालाला, किती मुदतीला, ते लिहा, आणि मूळ चित्र हातचे सोडू नका. लोकांना वाटते फौजदाराची सवय. या प्रकरणाने मला आणखी एक गोष्ट शिकवली, ती मी कोणाला सांगितली नव्हती. वस्तू कोणाकडून आणली, हे पाहणे सोपे असते. ती कोणाची आहे, हे पाहायला थांबावे लागते, आणि मी थांबलो नाही.

माझी पत्नी जाऊन आता चार वर्षे झाली. तिचे फोटो घरात पुष्कळ आहेत. कधी दुपारी एखादा काढून बसतो. सून विचारते, बाबा, काय शोधताय? काही शोधत नसतो. त्या ओसरीवर नाना दिवसभर काय करत होता, ते मला आता कळते. तो अहवाल आज पुन्हा माझ्यापुढे आला असता, तर ती ओळ मी खोडली असती.