नवमीचं ताट

दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. मी घातला तो माझ्या सख्ख्या बहिणीचा. ताई काविळीनं गेली तेव्हा तिची पोरगी दीड वर्षाची होती. वर्ष उलटायच्या आत मला माहेरून, गिरडहून उचलून सिंदीला, ताईच्या घरात आणून ठेवलं. कोणी जुलूम केला असं नाही म्हणता येणार. पोरीला परकी आई नको, हे मलाही पटलं होतं. पदरी पडलं पवित्र झालं, म्हटलं, चला.

त्या घरात सगळं आधी तिचं. नवी साडी आली की घडी आधी टाकाला लावायची, मग मी नेसायची. गोडधोड झालं की पहिलं वाढण तिच्या फोटोपुढं. मग सासूबाई, मग हे, मग पोरगी, मग दुकानातला माणूस, आणि सगळं निवून गोळा झाल्यावर मी. सासूबाई दुष्ट नव्हत्या, भित्र्या होत्या. दूध नासलं की म्हणायच्या, "तिले दाखवलं नसन तू." दुकानात गिऱ्हाईक कमी झालं, तर "तिचं काई राहून गेलं असन." पोरगी शिंकली तरी त्या आधी माझ्या गळ्याकडे बघायच्या, मग पोरीकडे.

ह्यांचं कापडाचं दुकान. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. दर दिवाळीला पोपटी साडी आणायचे. पोपटी रंग ताईचा, मला तो कधीच आवडला नाही. एकदा धीर करून विचारलं, "निळी नव्हती काय?"

"होती न," ते म्हणाले. "पण हे तुले चांगली दिसते." आणि मग उगाच दुकानाच्या किल्ल्या शोधायला लागले. किल्ल्या खिशातच होत्या.

मला त्या घरात कोणी दिसलं नाही की आवाज आले नाहीत. तसलं काही झालं असतं तर एखादा मांत्रिक तरी बोलावता आला असता. झालं ते असं की मीच दिसेनाशी झाले. कुंकू तिच्यासारखं लांबट लावायला लागले, का ते माहीत नाही. हसताना तोंडावर पदर घ्यायची तिची सवय माझ्या हाताला लागली. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "डिट्टो मोठीवानी दिसते, वं." मी खुळ्यासारखी खूश व्हायची.

एकदा आई नातीला भेटायला आली. मी परसात पाठमोरी कपडे वाळत घालत होते, अंगावर पोपटी साडी. आई दारातच थांबली आणि तिनं हाक मारली, "मोठे."

मी ओ दिली.

मी वळले तशी आई पायरीवर बसून गेली. तिनं पाणी मागितलं, मी दिलं. पण त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली, आणि ती ताईची नव्हती. वाटायचं, मेली ती मोठी, मग धाकटी कुठं गेली? तिला कोणी शोधतही नाही.

त्याच उन्हाळ्यात मी पिठाचा डबा घेऊन गिरणीत निघाले आणि स्टेशनवर जाऊन उभी राहिले. पॅसेंजर आली, गेली. डबा कमरेवर तसाच. गिरणी कुठल्या गल्लीत आहे ते आठवेना. शेवटी ओळखीच्या एका बाईनं हात धरून घरी आणलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. ह्यांनी मात्र, त्यांचं भलं होवो, वर्ध्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. अंगात रक्त नाही म्हणाल्या. गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, "गरम अन्न शेवटचं केव्हा खाल्लं?"

मी विचार करत बसले. आठवलं ते गिरडचं. चुलीपुढं ताई भाकरी थापायची आणि तव्यावरची पहिली माझ्या ताटलीत फेकायची. मान खाली घालून उठून आले.

मग ती नवमी आली. पितृपक्षात सवाष्ण मेलेल्या बाईची नवमी असते. तिच्या नावानं एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालतात. ती जेवली की मेलेली जेवली. दरवर्षी मागच्या गल्लीतली एक बाई यायची. त्या वर्षी सगळा स्वयंपाक झाला, पान वाढलं, आणि निरोप आला की ती बाहेर बसली आहे. दुपार टळत चालली. सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या दुसरी सवाष्ण शोधायला निघाल्या. मला म्हणाल्या, "ताटाले हात लावू नोको."

घरात मी आणि ते ताट. पुरणपोळीवर तूप पसरत होतं, कढीची वाफ येत होती. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी काही ठरवलं वगैरे नाही. पाटावर बसले आणि जेवायला लागले. टाकाला दाखवलं नाही, फोटोकडे पाहिलं नाही.

सासूबाई एका बाईला घेऊन आल्या तेव्हा मी तिसरा वडा कढीत बुडवत होते. ती बाई उंबऱ्यातूनच मागं सरकली. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाल्या, "कोण जेवून राह्यलं हे?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. त्यांना कळत नव्हतं.

"मी जेवून राह्यली," मी म्हटलं. "मले भूक लागली."

संध्याकाळी पोरगी तापली. झालं. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. दुसरं ताट कर, फोटोपुढं ठेव, नाक घास, असं म्हणत माझ्या मागं मागं फिरल्या. "माफी कशाची मागू? जेवली म्हून?" मी बोलून गेले. हे डॉक्टरला आणायला धावले. पोरीचं अंग तव्यासारखं. माझ्या हट्टापायी हे लेकरू गेलं तर, हा एकच विचार डोक्यात घण घालत होता.

दिवेलागणीला मी देवघरात गेले, टाक मुठीत धरला आणि दात खाऊन म्हटलं, "पोरीले हात लावशीन तर पाहाय. इथंच उपटून फेकीन तुले."

मग माझंच मला ऐकू आलं. मी हे कोणाला बोलले? जी मला कडेवर घेऊन यात्रेत फिरायची तिला? स्वतःच्या पोरीचा जीव घेईल असं मला जिच्याबद्दल वाटलं ती माझी ताई होती? ताईला तर कोंबडी कापलेली बघवत नव्हती. मग इतकी वर्षं मी गळ्यात कोणाला बांधून फिरत होते?

मी ताट केलं नाही. पोरीजवळ बसून राहिले, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, डॉक्टरनं दिलेलं औषध वेळेवर पाजलं. मलेरिया निघाला, गावात घरोघर होता. आठवड्यात पोरगी खेळायला लागली. मी रोज अकराला माझं पान वाढून घ्यायला लागले, बसून, गरम. पहिले काही दिवस सासूबाई पाठ करून बसायच्या. मग एकदा म्हणाल्या, "लोणचं घे न."

दसरा झाल्यावर मी पोरीला घेऊन गिरडला गेले. कोणी धाडलं नव्हतं, मीच ह्यांना सांगितलं, मला जायचं आहे. आईकडे मी दोन दिवस नुसती झोपले. आईनं डोक्याला तेल लावून दिलं. तिसऱ्या सकाळी ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, पोरगी कोंबड्यांमागं धावत होती, आणि मला एकदम हुंदका आला. थांबेचना. ताईला उचललं त्या दिवशी पोरगी माझ्या कडेवर दिली होती आणि बायका मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होत्या. तेव्हापासून मी तिची सवत होते. बहीण व्हायला वेळच मिळाला नव्हता.

"काऊन रडून राह्यली, वं? ते काई बोलले काय तुले?" आईनं विचारलं.

"ताई मेली, माय," मी म्हटलं.

आईनं सूप बाजूला ठेवलं.

"आत्ता कळलं काय तुले," ती म्हणाली, आणि मला जवळ घेतलं.