अब्ला वदीदाचा वरचा ठिपका

अब्ला वदीदा लोकांना वचन द्यायची. म्हणजे शब्द द्यायची असं नव्हे. ती ‘आत्ता येते’ म्हणाली की आमच्या घरी चहा दोनदा उकळायचा. ती शास्त्रातलं वचन द्यायची. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर बोरूने लिहिलेलं, खाली रेशमी फीत, फितीच्या टोकाला झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या पातीतून विणलेला नखाएवढा क्रूस. बायबलच्या पानांत खुणेला ठेवायची पट्टी. शुब्रा या आमच्या मोहल्ल्यातल्या चर्चमध्ये एखादीच्या बायबलात ही खूणपट्टी दिसली नाही, तर ती बाई पाहुणी आहे हे न विचारता कळायचं.

सगळे तिला अब्ला म्हणायचे, म्हणजे ताई. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून ती निवृत्त झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच होता. पुठ्ठा ती शर्टांच्या घडीतला वापरायची आणि तो अख्ख्या बिल्डिंगकडून हक्काने वसूल करायची. जिन्यात माझ्या बाबांना गाठून, ‘अम्म’ म्हणजे काका म्हणत, विचारायची, “काय अम्म लवंदी, नवा शर्ट नाही का घेतला बऱ्याच दिवसांत?” बाबा खूश व्हायचे. त्यांना वाटायचं, कुणीतरी आपल्या कपड्यांकडे बघतंय.

कुणाला कुठलं वचन द्यायचं हे मात्र तीच ठरवायची, डॉक्टर औषध ठरवतो तसं. समोरच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि बोरू दौतीत बुडवायची.

“अब्ला, मला प्रीतीवरचं द्या ना एखादं,” एक बाई म्हणाली.

“प्रीतीचं काय लोणचं घालणार आहेस? तुला जिभेला लगाम घालण्यावरचं हवंय. बस.”

घरमालकाला तिने शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नये हे वचन दिलं, तेही भाडं वाढवायला तो आला त्याच दिवशी. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना स्तोत्रातलं ‘शांत राहा’ मिळालं. त्यातला ‘शांत’ एवढा मोठा होता की पुढचं वचन पट्टीच्या मागच्या बाजूला गेलं होतं.

आता ठिपक्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे. आमच्या अरबी अक्षरांना आधी सांगाडा असतो, मग ठिपके. अब्ला आधी सगळ्या पट्ट्यांवर नुसते सांगाडे लिहायची आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळवायची. वाळल्या की टेबलावर ओळीने मांडून एका बैठकीत सगळ्यांना ठिपके द्यायची. याला ती ‘मीठ घालणं’ म्हणायची. पहिल्या पट्टीवर एका शब्दाचा ठिपका, मग दुसरीवर त्याच शब्दाचा, मग तिसरीवर. तोंडाने शब्द म्हणायचा, हाताने ठिपका द्यायचा. डोळे जवळचं दाखवेनासे झाले होते, चष्मा तिला शोभत नव्हता (हे तिचं मत), म्हणून कारभार सगळा तोंडावर आणि हातावर.

आणि आमच्याकडे ‘महब्बा’ म्हणजे प्रीती आणि ‘मिहना’ म्हणजे पीडा, यांचा सांगाडा एकच. ठिपका खाली दिला की प्रीती, वर दिला की पीडा. तुमच्याकडची मोहब्बत आणि मेहनत याच दोघींच्या घराण्यातल्या. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यात बरंच अंतर पडलं असावं. इथे मात्र दोघी एकाच खोलीत राहतात.

तर ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाला थोडेच दिवस उरले होते. एकदा उपास लागला की लग्नं बंद, त्यामुळे सगळ्यांना त्याआधीच उरकायचं असतं. अशात चर्चच्या कमिटीतल्या उस्ताज (म्हणजे साहेब) नसीफने एक यंत्र आणलं. संगणकावर वचन छापायचं, यंत्रात सरकवायचं, की पलीकडून प्लास्टिकमध्ये बसवलेली चकचकीत पट्टी गरमागरम बाहेर.

“पाण्यात पडली तरी काही होत नाही,” नसीफ म्हणाला.

“बायबल वाचताना पोहतोस का तू?” अब्लाने विचारलं.

पण कमिटीतले बाकीचे पट्टी हातात वाकवून बघत होते आणि माना डोलवत होते. आमचे पाद्री अबूना सराबामून मवाळ स्वभावाचे. दोन माणसं भांडली तर दोघांना खजूर देणारे. ते म्हणाले, “आपल्या चर्चमधल्या इरीनीचं लग्न आहे, त्याच्या पट्ट्या अब्लाच करतील. त्या बघू, आणि मग पुढे कुणी करायच्या ते ठरवू.”

“म्हणजे माझी परीक्षा?”

“परीक्षा कसली, अब्ला! आपलं सहज.”

“सहज आहे तर नसीफ पेन्सिल कानावर अडकवून का उभा आहे?”

घरी येताना ती जिन्यात थांबली. लिफ्ट बंदच होती. मी तिची पिशवी घेतली, तर म्हणाली, “फिरीना, मला लग्नाला कुणी बोलावत नाही गं. माझ्या पट्ट्यांना बोलावतात. मी आपली त्यांच्यासोबत जाते.” मी काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, “आणि त्या प्लास्टिकला वास येतो,” आणि पुढचे दोन मजले एका दमात चढली.

इरीनीसाठी तिने निवडलं ते करिंथकरांच्या पत्रातलं: ‘प्रीती कधी सरत नाही.’ सांगाडे इतके सुरेख आले की बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीखाली उभ्या राहून वर बघत होत्या. मीठ घालायच्या दिवशी अब्लाने प्रार्थना केली, केसांचा अंबाडा घातला, पट्ट्या मांडल्या आणि मला फिती कातरायला बसवलं.

“महब्बा,” टिक. “महब्बा,” टिक.

आणि दार न वाजवता माझी आई आत आली. हातात मुलुखियाच्या पालेभाजीची जुडी आणि ती चिरायची दोन मुठींची कोयती.

“वदीदा, आता बस झालं! मिहना आहे ही, मिहना!”

“कोण गेलं?” अब्लाने मान वर न करता विचारलं.

“गेलं कुणी नाही, तेच तर! घरातच आहे दिवसभर. रिटायर झालाय!”

“लवंदी? काय केलं आता त्याने?” टिक.

“माझ्या मसाल्याच्या बरण्या लावल्या. गाड्यांच्या क्रमाने! जिरं एक्स्प्रेस, धने पॅसेंजर. म्हणे, धने प्रत्येक भाजीत थांबतात. वेलची कुठेय विचारलं तर म्हणतो, तिचा मार्ग बदललाय.”

मी हसले. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी फीत तोंडात धरली.

“मुलुखिया चिरायला बसले तर मागे येऊन उभा. ‘नादरा, तुझी कोयती डावीकडे उशिरा पोचते.’ मी म्हटलं, तूच चीर. तर म्हणतो, मी फक्त देखरेख करतो! मिहना नाही तर काय?”

“मिहना,” अब्ला कळवळून म्हणाली. टिक.

“सकाळी उठल्यापासून मिहना!”

“मिहना गं बाई, मिहना.” टिक. टिक. टिक.

आईचं गाऱ्हाणं संपेपर्यंत टेबल संपलं. अब्लाने बोरू पुसला, आईने मन हलकं झाल्यावर फिती बांधायलाही मदत केली. बांधताना ती बोलत होती, आणि जी बोलते ती वाचत नाही. अब्लाला तर वाचायची गरजच वाटत नसे. आपण काय लिहिलंय ते तिला पाठ होतं.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात प्रत्येकाच्या हातात साखरेच्या बदामांची पुरचुंडी आणि खूणपट्टी पडली. नसीफने पट्टी उलटसुलट केली, वास घेतला, खिशात टाकली. सगळ्यांनीच खिशात टाकली. झांजा वाजल्या, इरीनी आणि तिचा नवरा झगे घालून बसले, अबूनांनी दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवले, बायकांनी जिभा वळवून अशा किलकाऱ्या ठोकल्या की नवरदेव दचकला. मग अबूनांचं प्रवचन सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे पुरुषांच्या बाजूला माना झुकू लागल्या.

शेवटी अबूना म्हणाले, “आता आपल्या अब्ला वदीदांच्या हातचं वचन सगळ्यांनी एका आवाजात म्हणू या.”

वचन सगळ्यांना पाठ. पट्टीकडे कोण बघतो? पण पहिल्या रांगेत इरीनीचे आजोबा होते, गिद्दो बाखूम. त्यांचा मोतीबिंदू नुकताच निघाला होता आणि तेव्हापासून ते दिसेल ते वाचत सुटले होते: दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, लोकांच्या हातातली वर्तमानपत्रं. ऐकू कमी येत असल्यामुळे वाचायचे मोठ्यांदा. सगळं चर्च म्हणालं, ‘प्रीती कधी सरत नाही’, आणि त्याच्यावरून गिद्दो बाखूमचा आवाज गेला:

“पीडा कधी सरत नाही!”

थांबून, मनापासून, ते म्हणाले, “आमेन.”

त्यांच्या बायकोने कोपराने ढोसलं. “काय बरळताय?”

“बरळत नाही, लिहिलंय! कधी नव्हे ते कुणीतरी खरं लिहिलंय!”

मग पट्ट्या खिशांतून बाहेर पडल्याचा जो आवाज झाला, तो पानगळीसारखा अख्ख्या चर्चभर पसरला. प्रत्येक जण वाचत होता. पहिल्यांदा हसू फुटलं ते बायकांच्या बाजूने, माझ्या आईपासून. तिने लगेच रुमाल तोंडात कोंबला, कारण ते ठिपके कुठून आले ते तिला कळलं होतं. नवरदेव पट्टीकडे आणि इरीनीकडे आळीपाळीने बघत होता. नसीफ हळूहळू उभा राहिला.

अब्ला मागच्या रांगेत होती. तिने शेजारच्या बाईच्या नाकावरचा चष्मा सरळ काढून घेतला, स्वतःची पट्टी वाचली आणि पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता ही दाराबाहेर जाणार आणि परत या चर्चची पायरी चढणार नाही. तिने अंबाड्यात खोचलेला बोरू ओढून काढला. (चर्चलासुद्धा ती बोरू घेऊन यायची. दौत पर्समध्ये, औषधाच्या बाटलीत.) आणि मधल्या वाटेने सरळ वेदीकडे निघाली.

“जागचं कुणी हलायचं नाही!” शिवणाच्या वर्गातला आवाज.

“अब्ला,” अबूना हळूच म्हणाले, “लग्न चालू आहे.”

“लग्न लागलं, अबूना. आता उसवलेलं शिवायचंय.”

तिने इरीनीच्या हातातली पट्टी घेतली, तिच्याच मांडीवर, झग्यावर ठेवली आणि खाली ठिपका दिला. प्रीती परत आली. पण वरचा ठिपका काही जाईना. शाई पक्की होती, त्याचाच तर तिला अभिमान होता. बोरू हवेत थांबला. समोर इरीनीच्या डोक्यावरचा मुकुट चमकत होता. अब्लाने त्याच्याकडे बघितलं, आणि वरच्या ठिपक्याभोवती बारीक टोकं काढली. ठिपक्याचा मुकुट झाला, प्रीतीच्या डोक्यावर.

“हं,” ती इरीनीला म्हणाली. “आत ठिपका आहे तो आहेच. पण वरून बरं दिसतं.”

नंतर चर्चच्या दारात रांग लागली. अब्ला खुर्चीवर बसून मुकुट काढत होती, लोक बदाम चघळत उभे होते. गिद्दो बाखूमने पट्टी द्यायला साफ नकार दिला.

नसीफ म्हणाला, “अबूना, माझ्या यंत्राने हे झालं नसतं.”

“नसतं झालं,” अबूना म्हणाले.

अब्लाचा हात थांबला.

“पण नसीफ, इतकी वर्षं मी वचनं वाटतोय. ती खिशात जातात आणि धोब्याकडे निघतात. आज अख्ख्या चर्चने वचन वाचलं. अक्षर न् अक्षर, ठिपक्यासकट. तुझ्या यंत्राने हे होईल?”

नसीफने कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. “नदीच्या घाटावरच्या सहलीच्या पाट्या तरी करू द्या,” तो म्हणाला. “तिथे पाणी असतं.”

“कर. आणि अब्ला, पट्ट्या तुमच्याकडेच. पण वाटायच्या आधी त्या कुणीतरी वाचायच्या, आणि ज्याला वचनं पाठ आहेत त्याने नाही. गिद्दो बाखूम वाचतील. ते लिहिलंय तेच वाचतात.”

“कोण मेलं?” गिद्दो बाखूम ओरडले.

“माझीही एक अट आहे,” अब्ला म्हणाली, आणि रांगेत तिला आई सापडेपर्यंत मान फिरवत राहिली. “मीठ घालताना लग्न झालेली बाई माझ्या घरात येणार नाही.”

रांगेत आई उभी होती, पण पट्टी तिने दिली नाही. म्हणाली, हरवली. पट्टी तिच्या शालीखालच्या बायबलात होती, हे मी बघितलं होतं.

उपास लागल्यावर एकदा अब्ला आमच्याकडे ‘फूल’चं, म्हणजे उपासाला चालणाऱ्या वालासारख्या कडधान्याचं, वाटण घेऊन आली आणि टेबलावरचं आईचं बायबल उघडून बसली. पट्टी बाहेर आली. वर ठिपका तसाच, मुकुट नाही. पण खालीही ठिपका होता, बॉलपेनचा, निळा, रेल्वेच्या शिक्क्यासारखा नेमका मधोमध.

“हा कुणी दिला?”

आईने स्वयंपाकघराकडे मान केली. आत बाबा बरण्या पुसत होते. “त्याने वाचली. चष्मा लावला, खिशातून पेन काढलं, ठिपका दिला आणि गेला फूलचे दाणे निवडायला.”

अब्लाने पट्टी लांब धरली, जवळ धरली. “नादरा, हे चूक आहे. वर पण ठिपका, खाली पण. असं अक्षर आपल्या लिपीत नाही.”

“लिपीत नसेल,” आई म्हणाली, आणि पट्टी तिच्या हातातून काढून घेतली. “आमच्या घरात आहे.”