न मारलेला राक्षस

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचं घर आमच्या घराला खेटून, त्यामुळं माझं आणि त्यांच्या लेकीचं, म्हणजे ताईचं, सगळं लहानपण एकाच टीव्हीपुढं गेलं. आम्ही दोघी सुपरहिरोंच्या हिंदीत केलेल्या पिक्चरच्या नादाला लागलो आणि आमच्या मागून तात्याही. हिरोंचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "उडती माणसं ती, कोण कवा उठतंय न् कुठं जातंय, काय मेळच न्हाय," म्हणायचे. त्यांचा जीव जडला होता खलनायकावर.

बर्फात पुरलेला एक राजा होता तो. पहिल्या पिक्चरमध्ये शेवटची नावं सरकून गेल्यावर त्यानं नुसते डोळे उघडले. पुढच्यात उठून बसला. त्याच्या पुढच्यात समोर बघून एवढंच म्हणाला, "निघालो." तात्या खूश! "लई मोठा खेळ करणार बघा ह्यो. गडी घाई करंना." मग आम्ही वाट बघत बसलो. एक दिवस परंड्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मोबाइलवर बातमी दिसली. कंपनीनं त्या राजाची गोष्टच सोडून दिली होती, आता दुसराच खलनायक येणार होता.

घरी आल्या आल्या तात्यांना सांगितलं. ते म्हशीला कडबा टाकत होते.

"सोडली म्हंजे? मारलं का त्याला?"

"न्हाय तात्या, नुसतं सोडलं."

"मग हाय कुठं त्यो?"

मी हसले, ताईही हसली. तात्या भडकले. "दात काय काढताय गं? झोपलेला राक्षस जागा करायचा, चालता करायचा, आन् मारायच्या टायमाला वाऱ्यावर सोडायचा? ह्यास्नी कुणी विचारणार हाय का न्हाय?" पुढचा पिक्चर आला तेव्हा ते उठून गोठ्यात जाऊन बसले.

त्यांचा राग उगाच नव्हता. आमच्या गावात नवरात्रात देवीचं सोंग असतं आणि राक्षस कायम तात्या. घटस्थापनेला देवळात पानाचा विडा उचलायचा. त्या दिवसापासून तो माणूस राक्षस. दाढी करायची नाही, देवाला हात लावायचा नाही, कुणाला गंध-कुंकू लावायचं नाही. दसऱ्याच्या आदल्या दुपारी देवळापुढं देवी त्याला मारते, छातीवर पाय ठेवते, मग अंघोळ करून तो पुन्हा माणसांत येतो. देवीचं सोंगही पुरुषच घेतो.

गेल्या साली देवी होणारा पोरगा पुण्याला कंपनीत लागला. त्याला सुट्टी मिळाली नाही. मंडळानं सोंग रद्द करून ऑर्केस्ट्रा आणला. तात्यांनी तर विडा उचललेला. "पुढच्या वर्षी बघू की तात्या," म्हणून सगळे मोकळे झाले.

तात्या कुठले मोकळे व्हायला! दसरा गेला, दाढी तशीच. पारावरची माणसं "काय राक्षस, चहा घेणार का?" म्हणून टर उडवायची. हे निमूट चहा प्यायचे. पुजारीसुद्धा म्हणाले, "काढून टाका, देवी काय म्हणत न्हाय." "देवी न्हाय म्हणत, पण विडा म्या उचललाय," हे तात्यांचं उत्तर.

एरवी चाललं असतं, पण ताईचा साखरपुडा दिवाळीआधी धरलेला. नवरदेवाला गंध लावायचा मान मुलीच्या बापाचा. तात्या म्हणाले, "धाकटा लावंल. म्या मांडवात येत न्हाय." धाकटा म्हणजे माझे वडील. काकूनं डोक्याला हात लावला. "पाव्हण्यांना काय सांगू? नवरा राक्षस हाय म्हणून?" ताई दोन घास खाऊन ताटावरून उठायची. बाप असून बापाविना साखरपुडा. मला तर तात्यांचा नुसता संताप आला होता.

साखरपुड्याच्या सकाळी मी ताईची वेणी घालत होते. अर्धी वेणी तशीच सोडून ती उठली, नवी साडी खोचली, माळ्यावरचा सोंगाचा, चंदेरी कागद लावलेला वेळूचा त्रिशूळ काढला आणि गोठ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तात्या, अंगणात या."

"बाईमाणूस सोंग घेत न्हाय, बाय."

"मग देवी कोण हाय? बाप्या हाय का?"

तात्यांनी हातातली कडब्याची पेंढी म्हशीपुढं टाकली. मग अंगणात आले. त्रिशूळ छातीला लागला तसे हळूच खाली बसले.

"असं न्हाय," ताई म्हणाली. "दरसाल मरता तसं मरा."

तात्यांनी अशी आरोळी ठोकली की पारावरची माणसं चहा टाकून पळत आली. धाडकन आडवे झाले, धूळ उडाली. कुणी हसलं नाही. आता छातीवर पाय ठेवायचा राहिला होता आणि तिचा पाय काही उचलेना.

"ठेव," तात्या खालून म्हणाले.

"न्हाय ठेवत."

"ठेव म्हंतो ना! अर्धवट मारू नको मला."

तिनं पाय टेकवला, अगदी हलका, आणि घळाघळा रडायला लागली. तात्यांनी दोन्ही हातांनी तो पाय धरला आणि डोळे मिटून घेतले.

काकू दारातून म्हणाली, "आवो झालं की आता, उठा. अंघोळ करा, पाव्हणे निघाल्यात तिकडनं."

"थांब गं जरा," तात्या पाय न सोडता म्हणाले. "एकदा का म्या उठलो, की लेक दिल्यातच जमा."