करिबतचं गाव

हिराबोळाला आधी वास येतो तो ओल्या मातीत पडून राहिलेल्या लाकडाचा, आणि मग, खडा बोटांत चुरला की, घशाशी रेंगाळणाऱ्या एका उग्र, औषधी कडवटपणाचा. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, फेब्रुवारीच्या मलूल उजेडात, रस्त्याकडेचा बर्फ काळवंडून गेलेला असताना, तो वास मला सालिहकाकांच्या दुकानात आला. माझी मुलगी तेव्हा तीन आठवड्यांची होती. बाळंतिणीच्या औषधांत हिराबोळ हवाच, म्हणून आईने पुण्याहून फोनवर धोशा लावला होता, आणि अखेर तो मिळाला एका येमेनी माणसाच्या किराणा दुकानात, खजुरांच्या खोक्यांमागच्या काचेच्या बरणीत.

"मुर्र," खडे कागदात बांधताना ते म्हणाले. "आमच्या अरबीत याचा अर्थच कडू. माझ्या गावावरून उंटांचे तांडे हे घेऊन उत्तरेला जायचे. फार जुनी गोष्ट."

त्यांचं गाव मारिब. वाळवंटाच्या काठावरचं, सबा लोकांच्या राजधानीचं. शेबाची राणी आपल्याला गोष्टींतून ठाऊक असते. तिचा म्हणून जो देश सांगतात, तो हा. सालिहकाका तिथे शाळेत इतिहास शिकवत आणि दुपारी गावातल्या छोट्या संग्रहालयाच्या कोठारात वस्तूंवर क्रमांक घालत. युद्ध आलं, शाळा बंद पडली, कोठार लुटलं गेलं, आणि मुलाने त्यांना इथे आणून आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं.

पुढची पाच वर्षं मी तिथे जात राहिले, जिन्नस हवे असोत वा नसोत. इंग्रजी सावकाश, शब्द वेचत बोलायचे ते, आणि मला 'बिंती' म्हणायचे, माझी मुलगी. पिशवीच्या कागदावर ते मला मारिबचं धरण काढून दाखवत: डोंगरातून धावत येणारा पुराचा लोंढा, त्याला अडवणारा बांध, दोन्ही टोकांना दगडी दरवाजे आणि त्यांतून डावी-उजवीकडे पसरत गेलेली हिरवी शेतं. हजार वर्षांहून अधिक काळ ते धरण फुटत राहिलं आणि माणसं ते पुन्हा बांधत राहिली. मग एकदा फुटलं, आणि बांधायला कुणी उरलं नाही. "पाण्याने नाही गेलं ते," सालिहकाका म्हणत, "कंटाळ्याने गेलं." त्यांच्या बोटांतून उतरणारी सबा लोकांची अक्षरं देवळाच्या खांबांसारखी ताठ उभी असत.

गेल्या वसंतात माझ्या कंपनीला शहरातल्या एका खासगी संग्रहालयाचं काम मिळालं. त्यांच्या जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये हलवायच्या होत्या. एका दुपारी पडद्यावर एक स्त्री आली. दुधी दगडातलं मस्तक, सरळ नाक, डोळ्यांच्या जागी रिकाम्या खाचा आणि मानेखाली चार अक्षरं, खांबांसारखी ताठ. 'मूळ ठिकाण' हा रकाना कोरा होता. त्याखाली होतं, 'जुना युरोपीय संग्रह'.

तो फोटो बाहेर न्यायची मला परवानगी नव्हती. तरी संध्याकाळी मी तो फोनवर घेऊन सालिहकाकांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला आणि अक्षरांवरून, काचेला न टेकता, बोट फिरवलं.

"क, र, ब, त. करिबत असेल. किंवा करीबत. ते स्वर लिहीत नसत. मधले स्वर तिच्या आईला ठाऊक." मग आवाज एकदम खाली आला. "डाव्या कानामागे एक आकडा आहे का बघ. काळ्या शाईत. माझ्या हातचा."

मागच्या बाजूचा फोटो मी मोठा केला. डाव्या कानामागे आकडा नव्हता. तिथे नखाएवढ्या जागेत दगड खरवडलेला होता, बाकी दगडाहून पांढरा.

"मला ती परत नको, बिंती," ते म्हणाले. "नेऊन ठेवणार कुठे? पण त्या कोऱ्या जागेत एवढं लिही: मारिब. ती कुठली, एवढं तरी."

दुसऱ्या दिवशी मी प्रशांतला विचारलं. तो माझा टीम लीड, नागपूरचा, मनाने चांगला. "अगं, आपलं काम डेटा मूव्ह करायचं," तो म्हणाला. "जे आहे ते जसंच्या तसं जाऊ दे. क्लायंटला चोर म्हणायचंय का आपल्याला? आणि तुझं व्हिसा एक्स्टेंशन पेंडिंग आहे ना? कशाला उगाच, यार!"

तरी मी संग्रहालयाला मेल लिहिली. तीन परिच्छेद, त्या खरवडलेल्या जागेचा फोटो, सालिहकाकांचं नाव. ती ड्राफ्टमध्ये राहिली. व्हिसा होता, मुलीची शाळा होती, नवऱ्याची बदललेली नोकरी होती. कारणं पुष्कळ होती आणि त्यांतलं एकही खोटं नव्हतं. शुक्रवारी दुपारी मी ती नोंद, कोऱ्या रकान्यासकट, नव्या सिस्टिममध्ये हलवली. आणि सालिहकाकांना सांगितलं, "कळवलंय मी, काका." एवढं मात्र खोटं होतं.

सप्टेंबरात प्रदर्शन उघडलं तेव्हा ते कडक इस्त्रीचा कोट घालून आले. माझ्या मुलीचा हात धरून ते काचेच्या पेटीपुढे उभे राहिले आणि खालची पाटी त्यांनी दोनदा वाचली. दक्षिण अरबस्तान. जुना युरोपीय संग्रह. मुलीने इंग्रजीत विचारलं, "काका, ही कोण?"

"करिबत," ते म्हणाले. "माझ्या गावची."

ते अधिक जवळ वाकले, तेव्हा पहारेकऱ्याने अदबीने त्यांना रेषेमागे सरकायला सांगितलं. ते सरकले. क्षमाही मागितली. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"त्यांनी ऐकलं नाही. पण तू बोललीस, बिंती. इथे दुसऱ्या कुणी तेवढंही केलं नसतं."

तो हात फार हलका होता. मी तो तसाच राहू दिला.

सोमवारी ऑफिसात, खिडकीबाहेरच्या मेपलची पानं कडांनी लाल व्हायला लागलेली असताना, मी ती नोंद पुन्हा उघडली. नोंदीच्या तळाशी सिस्टिम आपण होऊन लिहिते, शेवटचा बदल कुणी केला ते. तिथे माझं नाव होतं, आडनावासकट. मग मी ड्राफ्टमधली ती मेल काढली. तिच्यात एकही शब्द बदलण्याजोगा नव्हता. माझं एक्स्टेंशन ऑगस्टमध्येच मंजूर होऊन आलं होतं. मला आता कुणाचं भय उरलेलं नव्हतं. ऊन टेबलावरून सरकत जमिनीवर उतरलं तरी मी ती न पाठवता तशीच बसून होते, आणि ज्या भीतीला इतके महिने मी व्हिसाचं नाव दिलं होतं, तिचं खरं नाव काय असावं, ते मला सुचत नव्हतं.