पायलट मागेच राहिला!

चहा घ्या आधी. आणि मी सांगते ते कुणाला सांगू नका. तसं सिल्वासातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहेच म्हणा!

मी खडोलीला एका प्लास्टिकच्या कारखान्यात साच्यांची डिझाइनं करते. घरी आले की विमानं बनवते. कॉम्प्युटरवर हो! फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा खेळ, त्यात आपण बनवलेलं विमानही घालता येतं. पण नुसतं चित्र काढून भागत नाही. इंजिन कुठे, सगळ्या वजनाचा मध्य कुठे, पायलटचे डोळे नेमके कुठे, सगळं आकड्यांत सांगावं लागतं.

तर आमच्या सासूबाई, धुळ्याकडच्या. नणंद बंगळूरला, दिवस भरत आलेले, आणि तिला आईच हवी. रेल्वेचा प्रवास सासूबाईंच्या कमरेला झेपणारा नव्हता, म्हणून आम्हा दोघींची सुरतेहून विमानाची तिकिटं काढली. तर म्हणतात कशा, "मी नाही बसायची. असं अधांतरी कोण बसेल?"

"आई, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मी दाखवते ना!"

इथेच माझं नशीब फिरलं.

सिम्युलेटरमध्ये तयार विमानं डझनभर पडली होती. त्यातलं एक उडवून दाखवलं असतं तर माझं काय जात होतं? पण नाही! मला आपलं घरचं विमान दाखवायचं होतं. रविवारी सासूबाईंना खुर्चीत बसवलं. शेजारच्या लताबेन ढोकळा द्यायला आल्या, त्याही बसल्या.

विमान धावपट्टीवर आलं आणि बसलं. म्हणजे अक्षरशः शेपटीवर बसलं! नाक आभाळात. भाकरीची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखं!

"माय व! हे तर मागेच कलंडलं!"

"एक मिनिट आई, वजनाचा मध्य जरा मागे गेलाय."

"अन् मी बसल्यावर किती मागे जाईल?"

चूक लगेच कळली. ड्रॉइंगमध्ये मी मागचं अंतर अधिक धरते. सिम्युलेटरला पुढचं अधिक लागतं, मागचं उणे. त्यामुळे नाकातलं इंजिन शेपटीत जाऊन बसलेलं! दोघी टक लावून बघतायत म्हटल्यावर मी घाईघाईत फाइलमधली सगळी चिन्हं उलटी करून टाकली.

सगळी! पायलटच्या डोळ्यांचंसुद्धा! ते बिचारे मी सिम्युलेटरमध्येच बघून बसवलेले, म्हणून आधी बरोबर होते.

विमान काय झोकात उडालं म्हणून सांगू! फक्त आम्ही त्यात नव्हतो. पडद्यावर विमानाची शेपटी, आणि तिच्या मागे आम्ही हवेत लोंबकळत.

"सूनबाई, आपण कुठे बसलोय?"

"कॉकपिटमध्ये." मी आपली सवयीने बोलून गेले.

"मग ते पुढे चाललंय ते कुणाचं विमान?"

तेवढ्यात लताबेन ओरडल्या, "अरे, प्लेन तो गयुं ने पायलट रही गयो!"

झालं! सासूबाईंनी तिथल्या तिथे बंगळूरला फोन लावला. "पोरी, मी काही यायची नाही. पायलटच मागे राहतो! तुझ्या वहिनीनं दाखवलं मला. इंजिनियर आहे ती, खोटं कशाला सांगेल?"

तिकडे नणंद रडायला लागली. इकडे नवरा माझ्याकडे असा बघायला लागला, की मलाच विमानाच्या मागे लोंबकळावंसं वाटलं. "आई, चूक माझी होती, विमानाची नाही," हे मी किती वेळा सांगितलं असेल! शेवटी पायलटचे डोळे जागेवर बसवले आणि सासूबाईंच्याच हातात विमान दिलं. त्यांनी ते उडवलं, वळवलं, आणि उतरवलंसुद्धा! उतरवलं एका शेतात, पण अखंड.

"एवढंच असतं होय? चल मग!"

सुरतेला त्या ऐटीत खिडकीशी बसल्या. विमान धावलं, नाक उचललं मात्र, मी डोळे घट्ट मिटले आणि सासूबाईंचा हात धरला तो सोडेचना.

वर गेल्यावर हवाईसुंदरी आली. वाकून म्हणाली, "आंटीजी, पहली बार? डर तो नहीं लग रहा?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हमको नहीं, इसको! घर में रोज विमान बनाती है, पण बैठी आजच है!"