ह्यांचं वर्षश्राद्ध आणि जपानचे तीन डोंगर

तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. मी, माझा मुलगा, सूनबाई आणि नात. नात चौदा वर्षांची, इथेच सिंगापूरला जन्मलेली. आमचे हे होते ते हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, फोटोत. आणि फोनवर गावाकडचे गुरुजी. बाहेरचं दुसरं कुणी नव्हतं.

मी इथे आले ती हे गेल्यावर. त्याआधी मुलाने खूपदा बोलावलं, पण गिरणी टाकून कोण येणार? आमची पिठाची गिरणी होती, तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात. हे जात्यापाशी आणि मी पुढे, डबे लावायला, वजन करायला. मुलाचं शिक्षण त्या पट्ट्यावरच झालं. मग ह्यांना पोटाचं दुखणं निघालं. शेवटी शेवटी हे अंथरुणात आणि मी गिरणीत. मधे धावत घरी जायचं, ह्यांना पुसायचं, दोन घोट पेज पाजायची, परत येऊन पट्टा चालू करायचा. लोकांची दळणं थांबत नाहीत.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गेले. खांदा द्यायला गल्लीतली पोरं आली, त्यांच्या कानामागचा गुलाबी रंग अजून निघाला नव्हता. फाल्गुन वद्य षष्ठी. ही तिथी मी झोपेत विचारली तरी सांगेन. तारीख मला ठाऊक नाही, ती दाखल्यावर असेल.

मुलाला विमान मिळालं नाही. तो दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर सगळं उरकलं होतं. अग्नी पुतण्याने दिला. मुलगा त्या रात्री माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, आई, हे माझ्या हातून राहिलं, पण वर्षश्राद्ध मी करीन, माझ्या हाताने करीन. ते मी धरून ठेवलं. गिरणी विकली, भांडी वाटली, घराला कुलूप लावलं आणि इथे जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर आले, तेव्हाही तेवढंच डोक्यात होतं. वर्षाचं पोराच्या हातून झालं की सुटले.

मुलाने वर्ष पाळलं, ते नाही म्हणणार नाही. गणपती बसवला नाही, दिवाळीला आकाशकंदील लावला नाही. कुणी जेवायला बोलावलं तर सांगायचा, आमचं वर्ष झालं नाही अजून.

मग एक दिवस सूनबाईने सोफ्यावर मोठमोठे फुगीर कोट काढून ठेवले. मी विचारलं, हे कुठे घालणार, इथे तर पंख्याखालीही घाम येतो. तेव्हा कळलं की दोघं जपानला चालली आहेत. बर्फावर घसरायला. स्की म्हणतात त्याला. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या, डोंगरावरून घसरत खाली यायचं, पाळण्यात बसून परत वर जायचं, आणि परत घसरायचं. एकाच तिकिटावर तीन डोंगर. शुक्रवारी जायचं, सोमवारी परत. हा हंगामाचा शेवटचा बर्फ, मग तो वितळतो म्हणे. नातीची शाळा होती, म्हणून ती माझ्यापाशी राहणार.

सूनबाईने एसी जोरात लावून तो कोट, टोपी, चष्मा सगळं घालून बघितलं. नात सोफ्यावर लोळून हसली. "मम्मा, यू लुक लाइक बाओ ला." बाओ म्हणजे इथे मिळतो तो वाफवलेला गुबगुबीत पाव. मलाही हसू आलं. हसत हसतच मी स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरचं गावाहून मागवलेलं कॅलेंडर बघितलं. रविवारी षष्ठी.

मुलगा ऑफिसातून आल्यावर मी त्याला तिथे नेलं आणि बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "अगं आई, बाबांची तारीख या रविवारच्या दहा-अकरा दिवस पुढे आहे. मी सुट्टी टाकलीय, गुरुजींना सांगून ठेवलंय."

"तारीख नाही रे. तिथी."

त्याने तिथेच उभ्याने गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी याच्याकडून तारीख ऐकली होती आणि वहीत तारीखच टाकली होती. आता म्हणाले, होय, काकू म्हणतात ते बरोबर, तिथी अलीकडे येते. मी मुलाला काय बोलणार? त्याच्या सगळ्या गोष्टी तारखेवर चालतात. पगार तारखेला, इथे राहायचा पास तारखेला, पोरीचा वाढदिवस तारखेला. आमच्याकडे माणसाला तिथी असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला वाटलं होतं की ते शिकवायला लागत नाही.

सूनबाई म्हणाली, "आई, तिथी कोण बघतं आता? माझ्या माहेरी तारखेलाच करतात." मी म्हटलं, तुझ्या माहेरचं तुझ्या माहेरी. तिने आत जाऊन दार जरा जोरात लावलं. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. ती म्हणत होती, पंधरा वर्षांत आपण दोघंच असे कुठे गेलोय का? तो म्हणत होता, मी कुठे नको म्हणतोय.

सकाळी त्याने मला सांगितलं की जायचं रद्द होत नाही, पण तो रविवारी हॉटेलातच बसेल. सकाळी दहाला. गुरुजी फोनवर सांगतील, मी इथे फोटोपुढे सगळं मांडायचं, तो तिथे तीळ-पाणी सोडेल. मग बर्फावर जाईल. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी एका फडक्यात काळे तीळ, दर्भ, ह्यांचा धुतलेला पंचा बांधून दिला. सूनबाईने दर्भ काढून ठेवले. "आई, जपानात गवत नेऊ देत नाहीत. विमानतळावर विचारलं तर काय सांगू, सासऱ्यांसाठी आणलंय?" मुलगा हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. तीळ आणि पंचा तेवढा गेला, त्या फुगीर कोटांच्या खाली.

शुक्रवारी दोघं गेली. शनिवारी पहिल्या डोंगराचे फोटो आले, दुपारनंतर दुसऱ्याचे. नात मला फोनवर एकेक सरकवून दाखवत होती. एका व्हिडिओत सूनबाई पडते आणि उठताच येत नाही, म्हणून हसते. पडूनच हसते. मुलगा तिला ओढायला जातो आणि तिच्यावरच पडतो. इथे घरात त्या बाईला मी असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला नाही, पण बरंही वाटलं नाही.

मुलगा उठला तेव्हा भुवया, मिशा, सगळं पांढरं. हे गिरणीतून यायचे तेव्हा असेच दिसायचे. पापण्यांवर पीठ. नातीला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "रिअली आ?" आणि पुढचा फोटो सरकवला.

आम्ही दोघं कधी कुठे गेलो नाही. एकदा महाबळेश्वरला जायचं ठरलं होतं. पिशवी भरून स्टँडवर उभे होतो. तेवढ्यात एक जण सायकलवरून आला, म्हणाला, लग्नघर आहे, पोतंभर गहू पडलाय, उद्या जेवणावळ आहे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पिशवी उचलली आणि गिरणीकडे चालायला लागले. हे मागून आले. दोघांनी मिळून ते पोतं दळलं. पुढे कधी विषय निघाला नाही.

रविवारी मी अंधारात उठले. आंघोळ केली. नातीला उठवलं नाही. भात, वरण, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कारलं, आमसुलाची चटणी. कारली आदल्या दिवशी बाजारातून आणली होती, इथली कारली फिकट आणि गुळगुळीत, पण कडू असतात. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, ह्यांचा फोटो पाटावर ठेवला, दक्षिण कुठे येते ते नात उठल्यावर तिने फोनवर बघून सांगितलं.

दहा ठरले होते. पण दहा कुणाचे, ते कुणीच विचारलं नाही. जपानचं घड्याळ आमच्या पुढे, गावाकडचं आमच्या मागे. मुलगा त्याच्या दहाला बसला. मला व्हिडिओ लावला. वर उघडा, खांद्यावर ह्यांचा पंचा, खाली काळी जाड विजार. समोर हॉटेलातला चहाचा कप आणि तीळ. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण गुरुजींचा फोन लागेना. तिथे तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. त्यांनी दहा म्हणजे आपले दहा धरले होते.

मुलगा बराच वेळ तसाच बसला. मागे सूनबाई बॅगा बाहेर नेत होती. मग तो म्हणाला की तिसऱ्या डोंगरावर जायची गाडी सुटते आहे, सामान चढलंय.

मी म्हटलं, "गाडी जाऊ दे. तू जागचा हलू नको."

"आई, दुसरी गाडी संध्याकाळी आहे. तिथे पोचलो की लगेच बसतो ना. गुरुजीही उठतील तोवर."

त्याने पंचा काढून घडी केली. तेवढं मी बघितलं. मग फोन बंद झाला.

गुरुजींचा फोन आला तेव्हा इथे साडेबारा वाजून गेले होते. अन्न गार झालं होतं. त्यांनी विचारलं, यजमान कुठे आहेत? मी मुलाला लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. नातीने तिच्या फोनवरून लावला, मग आईला लावला. सूनबाईने उचलला. बर्फाचा वारा येत होता फोनमधून.

"आई, तो वर गेलाय. त्याचा फोन माझ्याकडे आहे. पडला तर फुटेल म्हणून देऊन गेला. म्हणाला, एकच फेरी मारून येतो."

"कधी येईल?"

"पाळणा बंद पडलाय मधेच, वाऱ्यामुळे. माणसं वर अडकलीयत. मी काय करू, आई?" तिचा आवाज रडवेला झाला होता. माझ्यासाठी की त्याच्यासाठी, ते मला कळलं नाही. मी तिला म्हटलं, तू आडोशाला उभी राहा.

गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांच्याकडे त्या दिवशी आणखी दोन घरं होती. माझ्या पाठीत कळ यायला लागली होती. नात दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. गुरुजी म्हणाले, "काकू, वेळ टळेल. संकल्प कुणाच्या नावाने सोडू?"

"माझ्या."

"मुलगा असताना..."

"मुलगा डोंगरावर आहे, गुरुजी. तुम्ही सांगा, मी करते."

त्यांनी सुरुवात केली. त्यांनी म्हटलं तसं मी म्हटलं. अर्ध्या शब्दांना माझी जीभ वळली नाही. भाताचे पिंड केले, तीळ-पाणी सोडलं. अंगठ्याच्या बाजूने सोडायचं असतं, ते मला माहीत होतं. सासऱ्यांच्या वेळी ह्यांना करताना बघितलं होतं, भिंतीआडून.

कावळ्याचं पान खिडकीच्या आत ठेवलं. मी बाहेर ठेवायला निघाले होते तर नातीने हात धरला. "आजी, कॅनॉट. फाइन बसतो." इथे पाखरांना खायला घालायचं नाही. समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवर दोन कावळे बसलेले दिसत होते. जाळीतून आत काही ते आले नाहीत. संध्याकाळी ते पान मी तिथून उचललं. नातीला जेवायला वाढलं. तिने खीर दोनदा घेतली. मी वड्याचा एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

मुलाचा फोन दिवेलागणीला आला. चेहरा भाजल्यासारखा लाल, ओठ फुटलेले. मागे अंधार आणि दिव्यांखाली बर्फ. एकदम म्हणाला, "आई, मी आत्ता बसतो. गुरुजींना लाव."

"झालं."

"कुणी केलं?"

"मी."

त्याने हळूच विचारलं, "चालतं का तसं?"

मी म्हटलं, "त्यांना चालतं. त्यांना जन्मभर माझ्याच हातचं चालत आलंय."

हे बोलायला नको होतं असं पुष्कळ जण म्हणतील. मला तसं वाटत नाही.

सोमवारी रात्री दोघं परत आली. सूनबाईने माझ्यासाठी लोकरीचे मोजे आणले होते. पायाला मऊ आहेत. घालायला इथे थंडी नाही. पंचा बॅगेतून घडी केलेलाच निघाला, तिळाची पुडी बांधलेलीच.

पुढे ती तारीख आली. मुलाने सुट्टी घेतली होतीच. गुरुजींना परत सांगितलं, आणि यावेळी घड्याळं नीट जुळवली. तो पाटावर बसला, सगळं यथासांग केलं. ऑफिसातल्या चार जणांना जेवायला बोलावलं. मी तोच स्वयंपाक पुन्हा केला. लोक म्हणाले, काकू, वडे फार छान. मुलगा फोटोपुढे वाकला तेव्हा त्याचे खांदे हलत होते, ते मी मागून बघितलं. मी जाऊन पाठीवर हात ठेवायला हवा होता. मी भांडी घासायला गेले. तो दिवस ह्यांचा नव्हताच. कॅलेंडरात त्या दिवशी काही नव्हतं.

आता आम्ही बोलतो, जेवतो, सगळं चालू आहे. पण त्याने जे माझ्यापाशी भिंतीला टेकून सांगितलं होतं ते झालं नाही, आणि आता ते व्हायचं नाही. पहिलं वर्ष एकदाच येतं.

हे जे कोणी वाचेल त्याला एकच सांगणं आहे. घरात कुणी गेलं असेल आणि तुम्ही परदेशात असाल, तर आधी गावी फोन करून तिथी विचारून घ्या. मग तिकिटं काढा.